पुलापलीकडचं विरजण

पुलावर कुळयंत्र बसलं, त्या दिवशी आमचा चक्क्याचा ट्रक पहिल्यांदा अडला.

चक्का म्हणजे दही फडक्यात टांगून पाणी निथळल्यावर जो गोळा उरतो तो. त्यात साखर, वेलदोडा, केशर घालून पुरणयंत्रातून काढला की श्रीखंड. एवढ्या साध्या वस्तूसाठी दोन देशांचे अधिकारी, एक यंत्र आणि एक बंदूकवाला शिपाई लागतील असं मला कुणी लग्नात सांगितलं असतं, तर मी लग्नच केलं नसतं.

आधी अलीकडं-पलीकडं सांगते. मी त्रिशला मगदूम. माहेर पुण्याचं, सासर कुरुंदवाडचं. माझे थोरले दीर शीतलदादा आणि माझा नवरा अभिनंदन, दोघंही दूधशास्त्र शिकले आणि युरोपातल्या एका नदीकाठच्या चीजच्या कारखान्यात नोकरीला आले. नदीच्या दोन काठांना दोन देश, पण दोन्ही एकाच महासंघात. पूल म्हणजे नुसता रस्ता होता. सकाळी पाव आणायला माणसं परदेशात जायची आणि चहा निवायच्या आत परत यायची. दादांनी पलीकडं घर घेतलं, कारण तिकडं कुरणं आणि गाई. आम्ही अलीकडं घेतलं, कारण इकडं शहर आणि गिऱ्हाईक. कृष्णाकाठी वाढलेल्या या दोघा भावांनी देशांची नावं कधी घेतलीच नाहीत. ‘अलीकडं’ आणि ‘पलीकडं’ एवढ्यावर आमच्या घराचं परराष्ट्र धोरण चालायचं.

नोकरी सोडून त्यांनी स्वतःचा धंदा काढला. पलीकडं माझी जाऊ, राजमतीअक्का, दही लावायची आणि चक्का बांधायची. अलीकडं मी श्रीखंड करायची आणि विकायची. शीतलदादा अचानक गेले, तेव्हा अक्का आता गावी जाणार असं सगळ्यांनी धरलं होतं. ती म्हणाली, “मी गेलो तर गाई काय माझ्यामागनं इमानात बसणार हाईत व्हय?” आणि दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी टाक्या धुवायला उभी राहिली.

‘मी गेलो’. कोल्हापूरकडच्या बायकांसारखी अक्का स्वतःबद्दल असंच बोलायची. मी येतो, मी करतो, मी देतो. लग्न झाल्यावर मी तिची यावरून फार चेष्टा केली. ती म्हणायची, “तुमच्या पुण्यात ‘देते’ म्हणत्यात आणि हातावर कायबी ठेवत न्हाईत.” यावर पुणेकरानं काय बोलावं?

विरजण आम्हा दोघींत सारखं इकडून तिकडे फिरायचं. उन्हाळ्यात तिचं आंबट झालं की मी माझ्या घरातलं पाठवायची. माझं बिघडलं की तिचं वाटीभर यायचं. ते मुळात आलं होतं कुरुंदवाडहून, सासूबाईंच्या हातचं, अक्काच्या पदराखाली लपून विमानातून. पुढं त्यात इकडच्या गाईंच्या दुधातलं काही शिरलं, शेजारच्या म्हातारीच्या ताकातलं काही शिरलं. कुणी विचारलं, हे दही कुठलं? तर आम्ही म्हणायचो, घरचं.

मग पलीकडच्या देशानं मतदान घेतलं आणि महासंघातून वेगळी चूल मांडली.

आमचं दूध, आमचा भाव, अशा घोषणा होत्या. एकत्र घरात राहून जाच सोसलेल्या माणसाला त्या पटतात, मलाही थोड्या पटल्या. पण वेगळं झाल्यावर कळतं की मीठ कुणाच्या डब्यातलं होतं. महासंघातल्या चीज-कारखान्यांनी पलीकडचं दूध उचलणं थांबवलं आणि तिकडं दुधाचा भाव पडला. अलीकडं तेच दूध लांबून आणावं लागलं, म्हणून इकडं भाव चढला. नदी तेवढीच रुंद होती, पण पूल पार करायला ट्रकला दुपार लागू लागली.

शेवटी तह झाला. दोन्ही बाजूंचा माल करावाचून ये-जा करेल, मात्र तो खरोखर त्याच देशाचा पाहिजे. नाहीतर जगातला कुणीही आपला माल पलीकडं उतरवून, त्यावर चिठ्ठी डकवून, मागच्या दारानं महासंघात घुसवेल. खुर्चीचं लाकूड कुठलं हे सांगता येतं. दह्याचं कसं सांगणार? त्यासाठी कुळयंत्र आलं.

त्याचं विज्ञान अवघड नाही. दह्यात कोट्यवधी जिवाणू असतात आणि ते झपाट्यानं दुप्पट होत राहतात. प्रत्येक वेळी आपल्या जनुकांची नक्कल करताना एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या पिढीला मिळते, पुढची पिढी तिच्यात आपली एक घालते. बोलण्यावरून माणसाचं गाव ओळखता येतं ना, तसं या साठलेल्या चुकांवरून जिवाणूंचं गाव ओळखता येतं. यंत्राला चमचाभर दही द्यायचं. ते जनुकं वाचतं, नोंदलेल्या सगळ्या डेअऱ्यांच्या दह्यांशी ताडून पाहतं आणि पडद्यावर वंशवृक्ष काढून मूळ देशाचं नाव सांगतं. अक्कानं पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं ‘कुळकर्णी’. कुळं सांगतो तो कुळकर्णी.

तर पहिल्या दिवशी ट्रक अडला. मी पुलावर धावले. यंत्रावर मारिट नावाची अधिकारी होती, गोरी, उंच आणि सभ्यपणानं बेजार झालेली. तिनं पडदा माझ्याकडे वळवला.

“इतर मालाचं असं झाड येतं,” ती म्हणाली. “खोड, फांद्या. तुमचं हे बघा.”

मी पाहिलं. पडद्यावर झाड नव्हतं, वेणी होती. दोन पेड एकमेकांत जात होते, सुटत होते, पुन्हा जात होते. प्रत्येक गुंतणं म्हणजे आम्हा दोघींपैकी कुणाचं तरी विरजण बिघडल्याची वेळ. आमच्या आळसाचा, उन्हाळ्याचा आणि एकमेकींच्या दारात जाण्याचा सगळा इतिहास तिथं उमटला होता. मला ते फार आवडलं. यंत्राला आवडलं नाही. खाली शब्द आला, ‘कूळ अनिश्चित’. अनिश्चित मालावर सर्वांत जास्त कर. शिवाय ‘शुद्ध कूळ’ हा बिल्ला नाही, आणि त्या बिल्ल्याशिवाय मोठी दुकानं माल ठेवत नव्हती.

“यावर उपाय?” मी विचारलं.

“प्रमाणित भुकटी. पलीकडच्या प्रयोगशाळेत मिळते. एकाच शुद्ध कुळाचे जिवाणू. जुनं विरजण टाकून द्या, भांडी उकळा, नव्यानं सुरुवात करा.”

मी अक्काला फोन केला. जुनं विरजण टाकून द्यायचं म्हटल्यावर तिनं “समदं?” असं दोनदा विचारलं. मग म्हणाली, “बरं. कुळकर्ण्याच्या मनासारखं करतो.”

पाडव्याची मागणी तोंडावर होती. महासंघातल्या अर्ध्या शहरांतली मराठी माणसं आमच्या श्रीखंडाची वाट पाहत होती, आणि आताशा बिगरमराठीही. अक्कानं टाक्या उकळल्या, फडकी उकळली, भुकटी लावली. दह्याचा ट्रकभर चक्का झाला. तो पुलावर आला. यंत्रानं चमचा घेतला आणि पडद्यावर पुन्हा वेणी आली.

मी तिथूनच फोन लावला. “अक्का, जुनं विरजण घातलंत का?”

“घातलो की.”

“का?”

“चिमूटभर गं. भुकटी लागली नसती तर? एवढं दूध वाया गेलं असतं.”

यावर हसावं की रडावं? जगातली कुठलीही दुसरी बाई भुकटीच्या पाकिटावर विश्वास ठेवून झोपली असती. आमच्या अक्काच्या बोटांना तो विश्वासच नव्हता. लहानपणापासून दूध कोमट झालं की त्यात बोट बुडवायचं आणि चिमूटभर घरचं घालायचं, हे तिच्या हाताला माहीत, डोक्याला विचारायची गरज नाही. पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. कागदावर ‘शुद्ध कूळ’ लिहून आत वेणी निघाली, या नियमभंगाबद्दल पलीकडच्या डेअरीचा पुलावरचा परवाना वर्षभरासाठी रद्द झाला. चक्का पुलावरच्या शेडमध्ये आंबून गेला आणि शिपायांनी तो ओतून दिला.

“तुमच्या एका चिमटीनं माझा धंदा बुडवलात,” मी म्हणाले.

पलीकडून फक्त एक शब्द आला. “तुझा?”

मी फोन ठेवला.

अभिनंदननं शहाण्या माणसासारखा मार्ग काढला. अलीकडचं महागडं दूध, अलीकडची प्रमाणित भुकटी, महासंघाचं नव्या उद्योगांना मिळणारं अनुदान. चक्का आपणच करायचा. पलीकडची गरजच नाही. “वहिनीचं काय?” असं तो एकदा पुटपुटला, मी घरातली विरजणाची भांडी उकळायला घेतली आणि त्यानं पुन्हा विचारलं नाही. असं आमचंही महासंघ सोडणं झालं. त्याला मतदान लागलं नाही.

श्रीखंड झालं. शुभ्र, गुळगुळीत, बिल्ला लावलेलं. गिऱ्हाइकांना फरक कळला नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचंच वाईट वाटलं. मला मात्र पहिल्याच चमच्याला कळला. ते आंबट होतं, गोड होतं, पण त्याला बोलायला काही नव्हतं.

अक्काची खबर मारिटकडून यायची, कारण मारिट कामासाठी पलीकडंही जायची. परवाना गेल्यावर अक्कानं बहुतेक टाक्या विकल्या म्हणे. आता ती गावातल्या लोकांना दही विकते. प्रत्येक वेळी मी ठरवायची, उद्या फोन करीन. वर्ष गेलं.

पुढच्या पाडव्याच्या तोंडावर आमचं दूध लागेना.

एका टाकीत दूध सकाळी जसं होतं तसंच, पातळ, गोडसर. दुसऱ्या टाकीतही तेच. नवी भुकटी आणली, पुन्हा तेच. अभिनंदन नमुना घेऊन प्रयोगशाळेत गेला आणि चेहरा पाडून परत आला.

“फाज,” तो म्हणाला. “जिवाणूंना खाणारा विषाणू. माणसाला काही करत नाही, पण दह्याच्या जिवाणूंवर तुटून पडतो.”

“मग दुसरी भुकटी आणू.”

“दुसरी कुठली? गेल्या वर्षभरात सगळ्यांनी शुद्ध कूळच लावलंय. दोन्ही काठांच्या भुकट्या मुळात एकाच साच्यातल्या, फरक दोनचार अक्षरांचा. एका कुलपाची किल्ली चोराला सापडली आणि गावात सगळ्या दारांना तेच कुलूप. नदीच्या दोन्ही काठांवरच्या डेअऱ्या बंद पडल्यात. नवं कूळ तयार करून, तपासून, प्रमाणित करून यायला उन्हाळा संपेल.”

“घरगुती दह्याला का नाही होत हा रोग?”

“होतो की. पण त्यात नाना तऱ्हेचे जिवाणू असतात. थोडे मरतात, बाकीचे दूध लावतात, मेलेले पुढं पुन्हा...” तो बोलता बोलता थांबला. जुनं विरजण आमच्या घरात थेंबभरही नव्हतं. मीच भांडी उकळली होती.

मी कपाटातून एक स्टीलची वाटी काढली. तिच्यावर ‘सौ. राजमती शी. मगदूम’ असं कोरलेलं होतं. कधीतरी विरजण घेऊन आली होती आणि परत गेलीच नव्हती. ती पिशवीत टाकून मी दुपारी निघाले. पुलावर गाड्यांची रांग होती. पलीकडं अक्काच्या दारात पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती.

दार तिनंच उघडलं. केस पांढरे झाले होते. मागं देव्हाऱ्यात समई लागलेली दिसत होती. मी वाटी पुढं केली.

तिनं वाटी पाहिली, नाव वाचलं, मग मला पाहिलं.

“विरजण पायजे?”

मी मान हलवली.

“दिवा लागलाय,” ती म्हणाली. “तिन्हीसांजेला विरजण देत न्हाईत, ठावं न्हाई व्हय? आत्ता न्हाई देत. सकाळी देतो. आत ये.”

“अक्का, टाक्या भरून दूध पडलंय.”

“अभिला सांग, तापवून गार जागी ठिव म्हणावं. एका रात्रीत आभाळ पडत न्हाई. चपला काढ.”

मी चपला काढल्या. तिनं भाकरी थापली, वांग्याचं भरीत केलं, आणि माझ्या ताटात वाटीभर दही ठेवलं. पहिल्याच घासाला माझे डोळे भरून आले. तेच होतं. सासूबाई, शेजारची म्हातारी, मी, ती, सगळे त्या वाटीत होते.

“तुमच्याकडचं अजून लागतंय?” मी विचारलं.

“लागायला काय झालंय? सकाळी बघ, गावातल्या बायका वाट्या घेऊन रांग लावत्यात. त्यांच्या भुकट्या मेल्या.”

“म्हणजे तुम्ही जुनं टाकलंच नाहीत?”

“कुळकर्णी पुलावर बसतोय गं. माझ्या चुलीवर न्हाई.”

मी हसले आणि मग धीर झाला. “अक्का, त्या दिवशी मी ‘माझा धंदा’ म्हणाले.”

“म्हणालीस.” तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. “लागलं मला. लई लागलं. आता जेव.”

सकाळी खरंच दारात बायका उभ्या होत्या. अक्कानं सगळ्यांना दिलं, पैसे कुणाकडून घेतले नाहीत. विरजणाचे पैसे घ्यायचे नसतात, हे त्या परक्या बायकांनाही आता माहीत झालं होतं. माझी वाटी तिनं शेवटी भरली आणि वर फडकं बांधलं.

पुलावर मारिट होती. घरच्या खाण्यापुरतं वाटीभर दही न्यायला परवानगी होती, पण तपासणी सगळ्याचीच. चमचा यंत्रात गेला आणि पडद्यावर वेणी आली, गेल्या वर्षीपेक्षा जाड. गावातल्या बायकांचेही पेड तिच्यात शिरले असणार.

“खायला नेताय ना?” मारिटनं विचारलं. ती मला वाट काढून देत होती. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

पण त्या वाटीपुढं मला खोटं बोलवेना. “नाही. टाक्यांना लावणार आहे.”

“मग तुमचा बिल्ला मला काढून घ्यावा लागेल, त्रिशला. मोठी दुकानं माल घेणार नाहीत. अनुदानही जाईल.”

“घे.”

“नीट विचार केलात का?”

“वर्षभर तेवढंच केलं.”

तिनं बिल्ला घेतला आणि वाटीवरचं फडकं माझ्यापेक्षा नीट बांधून दिलं.

आमच्या भाषेत आनंदावर पाणी पडलं की त्यावर विरजण पडलं म्हणतात. मला हे कधीच कळलेलं नाही. आमच्या टाक्यांत विरजण पडलं आणि दुसऱ्या दिवशी दूध घट्ट लागलं. फाज टाकीत होताच, त्यानं आपल्या वाट्याचे खाल्ले, बाकीच्यांनी काम उरकलं. पाडव्याचं श्रीखंड बिल्ल्याशिवाय निघालं. मोठ्या दुकानांनी ते परत पाठवलं, लहान दुकानांनी ठेवलं. धंदा निम्म्यावर आला. पण दर सोमवारी मी पुलावरून पलीकडं जाते आणि त्या रांगेतली दुपार मला आता जाचत नाही. पलीकडच्या परवान्याचा अर्ज अक्कानं नव्यानं केला आहे. मालाच्या मूळ देशापुढं तिनं काय सांगितलं, असं मी विचारलं, तर म्हणाली, “अलीकडं-पलीकडं सांगितलो.”

एका संध्याकाळी दार वाजलं. बाहेर मारिट उभी होती, गणवेशाशिवाय, हातात काचेचा पेला.

“आईच्या गाईंचं दूध लागत नाही,” ती खाली बघत म्हणाली. “भुकटी मिळत नाही. तिला वाटलं, तुमच्याकडून चमचाभर... नियमात बसत नाही, मला माहीत आहे.”

मी पेला घेतला आणि आत वळणार, तेवढ्यात देव्हाऱ्यातल्या समईकडे लक्ष गेलं. मी नुकतीच लावली होती.

“आत्ता नाही देत,” मी म्हणाले. माझ्या तोंडून मराठीच निघालं. “सकाळी देतो. आत ये.”

मारिटला एक अक्षर कळलं नसणार. मला मात्र माझंच ऐकू आलं. मी दार पूर्ण उघडलं, तिला चपला काढायची खूण केली आणि स्वयंपाकघरात जाऊन एक पान जास्त मांडलं.